नव्या कोचसाठी: मानसशास्त्र बैठकीत कसं वापरायचं

मुंबईत 'कोचिंग' म्हटलं की दादर स्टेशनबाहेरच्या क्लासेसच्या पाट्या डोळ्यांसमोर येतात. हा लेख त्या कोचिंगबद्दल नाही. एखाद्याला नोकरीत, अभ्यासात, खेळात किंवा एखाद्या सवयीच्या बाबतीत पुढे सरकायचंय आणि तुम्ही ठरलेल्या वेळी त्याच्यासमोर बसून मदत करताय, ते हे कोचिंग. तुम्ही ऑफिसात टीम सांभाळत असाल, निवृत्तीनंतर हे काम घेतलं असेल किंवा एमपीएससीच्या मुलांना वाट दाखवत असाल, पद्धत फार बदलत नाही.

नवखे बहुतेक एकाच जागी अडकतात. ते चांगले सल्ले देतात. समोरची व्यक्ती मान डोलावते, "अगदी बरोबर बोललात" म्हणते आणि पंधरा दिवसांनी होती तिथेच भेटते. सल्ला तुमच्या डोक्यातला असतो, काम मात्र तिला करायचं असतं. खालच्या बहुतेक पायऱ्या या एका अडचणीसाठी आहेत.

लागणाऱ्या वस्तू आणि कागद

- एक पानी करारपत्र, दोन प्रती
- प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळी वही. वर नाव नको, क्रमांक टाका
- टेबलावरचं छोटं घड्याळ. वेळ फोनमध्ये बघू नका, फोन हातात घेतला की समोरचा बोलायचा थांबतो
- मदतीच्या ठिकाणांची यादी (पायरी १ बघा)
- पैसे घेणार असाल तर पावतीपुस्तक. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की सेवांवर जीएसटीची नोंदणी लागते

कोच म्हणून काम करायला भारतात कायद्याने परवाना लागत नाही. त्यामुळेच बाजारात कुणीही उठून कोच होतं. रीतसर शिकायचं असेल तर कोचना प्रमाणपत्र देणाऱ्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या श्रेणीसाठी किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत 'मास्टर कोच' करून देणाऱ्या जाहिराती या आकड्यांशी ताडून बघा.

१. आधी हद्द आखा

तुम्ही उपचार करत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, सायकिअॅट्रिस्ट डॉक्टर असतो. तुम्ही या दोन्हींपैकी कुणी नसाल तर नैराश्य, व्यसन, पॅनिक अटॅक, जुने आघात हे विषय तुमच्या टेबलावरचे नाहीत.

ओळखायचं कसं? दोन आठवडे किंवा जास्त काळ, जवळजवळ रोज मन उदास असणं किंवा कशातच रस न वाटणं, त्याबरोबर झोप-भूक बिघडणं, कामावर जाणंच बंद होणं, असं दिसलं की ध्येयाच्या गप्पा थांबवा आणि तज्ज्ञाकडे पाठवा. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही समुपदेशन सेवाही यादीत असू द्या.

कुणी "जगण्यात काही अर्थ नाही" अशा अर्थाचं बोललं तर विषय बदलू नका. सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार मनात येतोय का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, हा समज चुकीचा आहे. उत्तर "हो" आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका. त्याच दिवशी, तुमच्यासमोरच फोन लागला पाहिजे.

२. करार कागदावर घ्या

ओळखीतल्यांशी करार करायला आपल्याला संकोच वाटतो. "अहो, आपल्यात कसले कागद!" असं म्हणून सुरू झालेलं कोचिंग चौथ्या भेटीत विस्कटतं. पानावर एवढं असू द्या:

- भेटी किती आणि किती अंतराने. सुरुवातीला ६ भेटी, दर पंधरवड्याला एक, प्रत्येकी ५० मिनिटं हे प्रमाण चालतं. दर आठवड्याला भेटलात तर मधे करून बघायला वेळच उरत नाही
- फी आणि ती कधी द्यायची
- वही किती दिवस ठेवणार
- भेट रद्द करायची तर २४ तास आधी कळवणं. पावसात लोकल बंद पडली तर हा नियम लागू नाही, हेही लिहा, नाहीतर जुलैत दर भेटीला वाद होईल
- गुप्तता, आणि ती कधी मोडावी लागेल ते: कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा, आणि लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तेव्हा. पॉक्सो कायद्याने (२०१२) अशी माहिती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे

पैसे कंपनी देत असेल तर सापळा मोठा असतो. तीन भेटी झाल्या की एचआरमधून फोन येतो, "कसा वाटतोय तो? राहील ना?" तुम्ही एक वाक्य जरी बोललात तरी ते कर्मचाऱ्यापर्यंत पोचतं आणि चौथ्या भेटीत तो फक्त हवापाण्याचं बोलतो. त्यामुळे सुरुवातीलाच तिघांनी एकत्र बसून ठरवा की कंपनीला फक्त किती भेटी झाल्या आणि कोणतं ध्येय ठरलं एवढंच कळेल. बाकीचं सांगायचं असेल तर तो कर्मचारी स्वतः सांगेल.

३. जागा

इराणी हॉटेलात बसू नका. टेबलं चिकटून असतात, वेटर दहा मिनिटांनी बिल आणून ठेवतो. स्टेशनजवळ तासाच्या भाड्याने मिळणारी मीटिंग रूम परवडली तर उत्तम. नाहीतर सकाळी शिवाजी पार्कला किंवा फाइव्ह गार्डन्सला चालत बोला. समोरासमोर बसून नजर मिळवायचं दडपण नसतं, काही जण चालतानाच मोकळे होतात.

व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न हा विचारा: "आत्ता खोलीत आणखी कुणी आहे का?" वन रूम किचनमध्ये सासूबाई मागे भाजी निवडत असताना कुणी मनातलं बोलत नाही. लोक सोसायटीच्या गच्चीवरून, पार्किंगमधल्या गाडीतून कॉल घेतात. तसं चालेल, पण इअरफोन हवेतच. "मध्ये कुणी आलं तर 'हो, पाठवते' एवढंच म्हणा, मी विषय बदलेन" असा संकेत आधी ठरवून ठेवा.

४. पहिली भेट: ध्येय बारीक करा

एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांनी अनेक वर्षं केलेल्या संशोधनाचं सार असं की नेमकं आणि जरा अवघड ध्येय हे "जमेल तेवढं कर" यापेक्षा चांगलं काम काढून घेतं. पण याला एक पुरवणी आहे आणि नवखे कोच ती विसरतात. काम माणसाला पूर्ण नवीन असेल तर निकालाचं ध्येय उलटतं. विम्याचं काम नुकतंच सुरू केलेल्याला "महिन्याला १० पॉलिसी" हे ध्येय दिलं तर तो नातेवाइकांच्या मागे लागतो आणि दुसऱ्या महिन्यात थंडावतो. त्याला "या महिन्यात लोक नाही म्हणतात त्याची ५ वेगवेगळी कारणं शोध" हे शिकण्याचं ध्येय द्या. पॉलिसीचा आकडा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आणा.

ध्येय लिहून झालं की एक प्रश्न विचारा: "हे कुणाला हवंय?" उत्तर "घरच्यांना" किंवा "साहेबांना" आलं तर थांबा आणि त्यात या व्यक्तीला स्वतःला हवं असलेलं काही सापडतंय का ते बघा. सापडलं नाही तर ते ध्येय सहा भेटी टिकणार नाही.

५. तुमचं बोलणं कमी करा

ही पायरी सगळ्यात अवघड, म्हणून ती जवळून बघू. समजा, डोंबिवलीहून अंधेरीला नोकरीसाठी येणाऱ्या, अकाउंट्समधल्या एक बाई समोर आहेत. सोमवारच्या आढावा बैठकीत त्यांना बोलायचंय. नवख्या कोचची बैठक अशी चालते:

"ठरवून जाते, पण ऐनवेळी गप्प बसते."
"अहो, त्यात काय! दोन मुद्दे लिहून न्या आणि सुरुवातीलाच बोलून टाका."
"हो, पण आमचे सर मध्येच तोडतात."
"मग त्यांना आदल्या दिवशी मेल करा."
"केला होता एकदा, पण ते वाचतच नाहीत."

त्यातले 'पण' मोजा. प्रत्येक सल्ल्यासरशी बाई गप्प बसण्याची बाजू मांडतायत आणि ती मांडताना त्यांना ती जास्तच पटतेय. स्वातंत्र्यावर गदा येतेय असं वाटलं की माणूस उलट दिशेला जोर लावतो, हे जॅक ब्रेमने १९६६मध्ये मांडलं होतं. विल्यम मिलर आणि स्टीफन रॉल्निक यांनी विकसित केलेली संभाषणाची पद्धत याच्या बरोबर उलट जाते. बदलाची बाजू समोरच्याच्या तोंडून यायला हवी. म्हणजे असं:

"ऐनवेळी गप्प बसता. एखाद्या वेळी बोललाही असाल ना?"
"एकदा. परताव्याचा आकडा चुकला होता तेव्हा."
"तेव्हा काय वेगळं होतं?"
(इथे आठ-दहा सेकंद शांतता.)
"कागद हातात होता. आकडा दाखवता येत होता."
"कागद हातात असला की बोलता येतं."
"हो. मत सांगायचं असलं की घसा सुकतो. आकडा सांगायचा असला की नाही सुकत."
"मग येत्या सोमवारी?"
"थकबाकीचा एक आकडा घेऊन जाते."

यात कोचने दिलेला सल्ला शून्य. "कागद हातात असला की बोलता येतं" हा तर प्रश्नही नाही, बाईंचंच वाक्य त्यांना परत दिलंय. असं परत देणं दर प्रश्नामागे एकदा तरी यावं, नाहीतर नुसत्या प्रश्नांनी पोलीस चौकीची कळा येते. त्या आठ-दहा सेकंदांत काही बोलू नका. आपल्याकडे शांतता पडली की कुणीतरी "चहा घेणार?" म्हणतंच, ते कोचने म्हणू नये.

"का?" हा प्रश्न जपून वापरा. "का नाही केलंत?" म्हटलं की शाळेतल्या बाई आठवतात आणि माणूस सबबी शोधायला लागतो. "काय आडवं आलं?" असं विचारलं की माहिती मिळते.

भेटीनंतर ५० मिनिटांतली तुम्ही किती मिनिटं बोललात याचा अंदाज वहीत टाका. १५च्या वर गेला असाल तर पुढच्या वेळी तोंड आवरा. परवानगी घेऊन एखादी भेट रेकॉर्ड केलीत तर अंदाज आणि खरा आकडा यांतला फरक बघून जरा ओशाळायला होईल, पण तो बघाच.

६. कामाचा आकार मोजा

पुढच्या भेटीपर्यंतचं काम ठरलं की विचारा: "हे होईल याची ० ते १० मध्ये किती खात्री?" बाई म्हणाल्या, "पाच." इथे नवखे विचारतात, "पाचच का? दहा का नाही?" आणि कमतरतांची यादी ऐकत बसतात. उलटं विचारा: "पाच का, दोन का नाही?" मग बाई स्वतःकडे काय आहे ते सांगतात: "आकडा पक्का माहितीये, तो कुणी खोडू शकत नाही." त्यानंतर विचारा, "सातवर यायला काय लागेल?" "शेजारी बसणाऱ्या मॅडमना आधी सांगून ठेवते."

खात्री ७च्या खाली राहिली तर काम लहान करा. आल्बर्ट बांडुराने १९७७मध्ये 'मला हे जमेल' या विश्वासाचे चार स्रोत मांडले: स्वतः करून यशस्वी होणं, आपल्यासारख्या कुणाला करताना बघणं, दुसऱ्याने धीर देणं, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. पहिला सगळ्यांत भारी. तुमचे उत्तेजनाचे शब्द तिसऱ्या रांगेत येतात. म्हणून पहिल्या दोन भेटींतलं काम हमखास पार पडेल एवढं लहान हवं, आणि उदाहरण द्यायचंच तर कुणा मोठ्या खेळाडूचं नको, त्यांच्याच मजल्यावरच्या, त्यांच्यासारखीच भीती असलेल्या सहकाऱ्याचं द्या.

७. 'जर-तर' लिहून घ्या

"प्रयत्न करते" हे काम नव्हे. पीटर गोल्विट्झरने १९९९मध्ये मांडलेली युक्ती सोपी आहे: अमुक घडलं की मी तमुक करेन. त्याने आणि पास्कल शीरनने २००६मध्ये ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा नुसत्या इराद्यापेक्षा अशा योजनेचा चांगलाच फायदा दिसला. बाईंच्या वहीत वाक्य असं उतरलं पाहिजे:

'सरांनी "आणखी काही?" विचारलं की मी कागद उलटून थकबाकीचा आकडा वाचेन.'

खूण डोळ्यांना दिसणारी किंवा कानाला ऐकू येणारी हवी. "वेळ मिळाला की" ही खूण नव्हे, मुंबईत तो मिळत नाही. "लोकलमध्ये वाचेन" हा नेहमीचा सापळा आहे. गर्दीच्या वेळच्या डोंबिवली फास्टमध्ये फोन खिशातून काढायला हात मोकळा नसतो. तिथे ऐकण्याचं काम ठेवा, वाचण्याचं नको. "घाटकोपरला उतरून मेट्रोच्या रांगेत उभी राहिले की रेकॉर्डिंग लावेन" ही खूण पक्की, कारण ती रांग रोज असते.

८. काम झालं नाही तर

पहिल्या चारांपैकी एका तरी भेटीत "नाही झालं" ऐकायला मिळेल. आळशीपणाचा शिक्का मारू नका. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतानुसार माणसाला आतून ओढ लागायला तीन गोष्टी लागतात: निर्णय आपला असणं, आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि आपली माणसं सोबत असणं. तिन्ही एकेक करून तपासा. काम त्यांनी निवडलं होतं की तुम्ही सरकवलं होतं? फार मोठं होतं का? घरी किंवा ऑफिसात कुणाला माहीत होतं का? बहुतेक वेळा यातलंच एक सुटलेलं सापडतं.

शाळा-कॉलेजातल्या मुलांना कोचिंग करत असाल तर इथेच पालक मध्ये येतात: "९० टक्के आण, नवा फोन घेऊन देतो." १९७३मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या छोट्या मुलांना बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. म्हणून मुलाला जे आधीच आवडतंय त्यावर बक्षीस लावू नका, हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगा. ज्याचा त्याला मुळातच कंटाळा आहे तिथे छोटं बक्षीस तेवढं नुकसान करत नाही.

९. फीडबॅक

क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६मध्ये फीडबॅकवरचे जुने अभ्यास एकत्र केले. सरासरीने फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम आणखी बिघडलं होतं. लक्ष कामावरून उठून 'मी कसा आहे' यावर गेलं की फीडबॅकचा जोर ओसरतो. "तुम्ही फार हुशार आहात" हे वाक्यही त्यातच मोडतं.

वाक्यात तीन गोष्टी असू द्या: काय दिसलं, त्याचा परिणाम, पुढचा प्रश्न. "आकडा सांगून तुम्ही लगेच 'असं मला वाटतं' म्हणालात. तिथे सरांना तोडायला जागा मिळाली. पुढच्या वेळी आकड्यानंतर काय कराल?" आधी गोड, मग कडू, मग पुन्हा गोड ही सँडविच पद्धत सोडून द्या. चार वेळा ऐकलं की "छान केलंत" म्हटल्याबरोबर समोरचा 'पण'ची वाट बघायला लागतो.

१०. हे ज्ञान वापरू नका

"२१ दिवसांत सवय लागते" हे कोचिंगच्या पत्रकांवर हमखास असतं. लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मध्यक ६६ दिवस (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) लागले आणि माणसागणिक पल्ला १८ ते २५४ दिवसांचा होता. २१चा आकडा सांगितलात तर बाविसाव्या दिवशी माणूस स्वतःला नालायक ठरवतो. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही असंही दिसलं, तेवढं जरूर सांगा.

'हा बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी' अशी विभागणीही नको. त्यानुसार शिकवल्याने फायदा होतो याचा भक्कम पुरावा नाही, असा निष्कर्ष पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये काढला. परीक्षेच्या मुलांना त्याऐवजी आठवून लिहायला लावा. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून आठवणारे. मुलं पाच मिनिटांनंतरचा निकाल बघून वाचनालाच चिकटतात. म्हणून एकदा आठवड्याच्या अंतराने त्यांच्याकडूनच हा प्रयोग करून घ्या, मग पटवावं लागत नाही.

११. शेवटची भेट

सहावी भेट नव्या कामाला वापरू नका. पहिल्या भेटीत लिहिलेलं ध्येय वहीतून वाचून दाखवा आणि ० ते १०चा आकडा पुन्हा विचारा. काय उपयोगी पडलं ते त्यांच्या शब्दांत त्यांनाच लिहू द्या, तुम्ही सुधारू नका. "आणखी सहा भेटी घेऊ या" असं तुम्ही सुचवायचं नाही. त्यांनी विचारलं तर "महिन्याने ठरवा" म्हणा. नाहीतर तुमच्याशिवाय पान न हलणारा माणूस तयार होतो आणि दर महिन्याला फी येत असल्याने तुम्हाला ते खटकतही नाही.

वही किती दिवस ठेवणार ते करारात लिहिलेलं असेलच. ती तारीख आली की पानं फाडून बारीक तुकडे करा. अख्खी वही रद्दीवाल्याच्या तराजूत टाकू नका, तिची पानं भेळवाल्याच्या पुड्यांपर्यंत पोचतात.